चेहरा नसलेली डबी

खिशात हात घातला आणि बोटांना गाजर लागलं. शोधत होते रुमाल. गोल टेबलाभोवती बसलेल्या मुलांपैकी एकाचं नाक वाहत होतं, बाकीची त्याच्याकडे बघून हसायच्या बेतात होती, म्हणून मी सवयीनं कोटाच्या खिशात हात घातला. कोट माझा नव्हता, नवऱ्याचा होता. सकाळी माझ्या स्वेटरची चेन मध्येच अडकून बसली, वर जाईना की खाली येईना, बस तर सुटायला आलेली, तेव्हा दारामागच्या खुंटीवरचा त्याचा जाड कोट अंगावर चढवला, बाह्या दुमडल्या आणि निघाले. तो हल्ली घराबाहेर पडतो तो फक्त दवाखान्यात जायला, त्यामुळे कोट खुंटीवरच असतो. खिशात टिश्यूची एक गुंडाळी होती, गार आणि किंचित ओलसर. ती मी बाहेर काढून झटकली आणि टेबलावर गाजराचे तुकडे पडले, बोटाएवढे, एकसारखे, टोकं वाळून पांढरी पडलेले. त्यांच्यामागून सफरचंदाच्या फोडी, तपकिरी, कडा आत वळलेल्या, म्हाताऱ्या कानांसारख्या. नाकवाला मुलगा नाक ओढायचंही विसरला. माझ्या उजव्या हाताला एक मुलगी बसली होती, पुढचे दात पडलेली. तिचं नाव छातीवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं, पण मी मनातल्या मनात तिला खिडकी म्हणत होते. ती माझ्याकडे झुकली आणि अगदी हलक्या आवाजात, एखादी बाई दुसऱ्या बाईला विचारेल तशी म्हणाली, “ताई, तुम्ही पण?”

मुलांनी मला ताई म्हणायचं असा आमच्या ऑफिसचा नियम आहे. माझे केस बघून त्यांच्या ओठांवर आजी येतं, मग दारात सांगितलेलं आठवतं, आणि आ वासलेला तसाच ठेवून ती ताई म्हणतात. माझं काम मुलांशी बोलण्याचं आहे, आणि ती जे बोलतात त्यावर विश्वास न ठेवण्याचं. ज्या कंपन्यांना मुलांना काही विकायचं असतं त्या आमच्याकडे येतात. खेळणी, दप्तरं, टूथपेस्ट. सध्या फळं आणि भाज्या. एक कंपनी ताजी गाजरं, काकड्या, टोमॅटो, सफरचंदं धुऊन, कापून, लहान डब्यांत भरून दुकानांत ठेवणार आहे, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, म्हणजे मुलांनीच हट्ट करावा. आणि त्यांनी हट्ट करावा म्हणून झाकणावर चेहरा हवा. अंतराळवीराचं शिरस्त्राण घातलेला मटार, मुकुट घातलेली काकडी, गॉगल लावलेलं गाजर, आणि तुलनेसाठी एक साधी डबी, नुसत्या पांढऱ्या झाकणाची. कुठल्या चेहऱ्याची डबी मुलं संपवतात ते मी शोधून द्यायचं. खोलीच्या एका भिंतीला मोठा आरसा आहे. आमच्या बाजूनं तो आरसा. पलीकडे अंधाऱ्या खोलीत बसलेल्या कंपनीच्या लोकांना ती काच. ते लोक मुलांना गाजर खाताना बघतात आणि बघता बघता बशीतली क्रीमची बिस्किटं संपवतात. काचेमागच्या बशीत काकडी मी आजवर बघितलेली नाही.

मुलांना विचारलं, आवडलं का, की मुलं म्हणतात, खूप. ती खोटं बोलत नाहीत, माझं मन राखतात. म्हणून मी विचारत नाही, उरलेलं बघते. मुलं गेली की गुडघे टेकून टेबलाखाली शिरते, उशांच्या खोळी चाचपते, हात धुवायच्या बेसिनमागे, रंगाच्या खोक्यात, कोपऱ्यातल्या कुंडीत बघते. काकडी मुलं उशीखाली ठेवतात कारण ती चपटी होते आणि आवाज करत नाही. गाजर मोज्यात जातं. टोमॅटोला खिसा चालत नाही, तो फुटतो, म्हणून तो मातीत जातो. गालात धरून ठेवणारी मुलं वेगळी, ती एकदम शहाण्यासारखी गप्प होतात. हे सगळं मला कुणी शिकवलेलं नाही. मी ह्या ऑफिसात टायपिंगला लागले होते. एकदा मुलांशी बोलणारी बाई आजारी पडली, मुलं आलेली, आया बाहेर बसलेल्या, तेव्हा साहेब म्हणाले, तू जरा वेळ त्यांना सांभाळ. तो जरा वेळ अजून चालू आहे. पण खरं सांगायचं तर मी त्याच्या कितीतरी आधीपासून शिकत होते. लहानपणी माझी आई माझ्यासमोर पाट मांडल्यासारखी खुर्ची ओढून बसायची. ती ओरडायची नाही, हात उगारायची नाही, नुसती बघायची. ताटातून घास निघाला की तिची नजर निघायची, त्याच्याबरोबर वर यायची, माझ्या ओठांशी थांबायची आणि मग गळ्यावरून हळूहळू खाली उतरायची. नजरेला वजन असतं. घास गिळता यायचा, त्याच्यावरची नजर गिळता यायची नाही. मी तो घास गालात धरून शाळेपर्यंत जायचे आणि फाटकामागच्या भिंतीशी टाकायचे. तिथल्या मुंग्या माझ्या वाटेकडे डोळे लावून असायच्या. आई मरेपर्यंत सगळ्यांना सांगत होती, आमच्या हिचा काही त्रासच नसायचा खाण्याचा.

तर खिडकीनं विचारलं, तुम्ही पण, आणि मी मान वर केली. माझ्यासमोर आरशात एक बाई बसली होती, पुरुषाचा कोट घातलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पुढ्यात वाळकी गाजरं. पलीकडे काचेमागे कुणीतरी हसलं असणार. मी ते तुकडे गोळा केले, ओंजळीत घेतले आणि उठले. कचऱ्याची टोपली पायाशीच होती. पण मी बेसिनकडे गेले, नळ सोडला आणि ते तुकडे धुवायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. एकेक तुकडा बोटांत धरून चोळत होते, जणू धुतल्यावर ते परत काल रात्रीचे होणार होते. काल रात्री मीच ते डबीतून काढून बशीत मांडले होते, आणि तो म्हणाला होता, गोड आहे गं गाजर, आणि मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेले होते, आणि आले तेव्हा बशी रिकामी होती. मला केवढा आनंद झाला होता. मुलांकडे माझी पाठ होती. नाकाच्या शेंड्याशी काहीतरी जमा होत होतं, त्यामुळे वळण्याची सोय नव्हती. तेवढ्यात मागून आवाज आला. कट्. मग दुसरीकडून एक. मग कुणीतरी म्हणालं, मला एक दे ना, आणि कुणीतरी म्हणालं, तुझी आहे की तुला. पाण्याच्या आवाजातूनही ऐकू येत होतं, सगळं टेबल खात होतं. मी नळ बंद केला नाही. मटार काय, काकडी काय, कुणाच्या झाकणावर कोण होतं ह्याचा काही संबंध नव्हता. मी वळले तेव्हा डब्या जवळजवळ रिकाम्या होत्या, आणि मी वळल्याबरोबर सगळ्यांचे हात थांबले.

जाताना खिडकी दारापाशी रेंगाळली. बाहेर तिची आई स्वेटर घेऊन उभी होती. “खिशात नका ठेवू,” ती मला म्हणाली. “खिसे आया बघतात. मोज्यात ठेवायचं.” मी म्हटलं, बरं. ती जरा विचारात पडली. “तुमच्याकडे कोण बघत बसतं?” “कुणी नाही,” मी म्हटलं. “मग लपवता कशाला?” एवढं म्हणून ती गेली, आईनं तिच्या डोक्यातून स्वेटर घातला तेव्हा आतून तिचा आवाज येत राहिला, काहीतरी शाळेबद्दल.

काचेमागून जो बाहेर आला त्याला आम्ही ऑफिसात हिरवे मोजे म्हणतो. चांगला मुलगा आहे, सुटाखाली दर वेळी हिरवे मोजे घालतो, बहुधा मालावरची निष्ठा म्हणून. त्याच्या कोपरावर बिस्किटाचा चुरा होता. “ताई, कमाल केलीत,” तो म्हणाला. “ते खिशातून काढायचं नाटक. आधी का नाही सांगितलंत?” मी म्हटलं, नाटक नव्हतं. त्याला ते विनयाचं बोलणं वाटलं. “बरं, मग थोडक्यात, कुठला चेहरा? मला तर मटार वाटतोय.”

“मटार नाही.”

“काकडी?”

“कुठलाच नाही. मी पाठ केली तेव्हा ती खायला लागली. साध्या डब्यासुद्धा संपल्या.”

“हो, ते बघितलं आम्ही. पण म्हणजे डबीवर काय छापायचं?”

“काही नाही.”

तो हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. “ताई, काही नाही हे कसं छापणार? बघू नका असं आयांना सांगणार कुठे? झाकणावर?” मग त्याला वाटलं असावं की आपण जास्त बोललो, कारण तो मऊ आवाजात म्हणाला, “तुम्ही दमलेल्या दिसताय. उद्या बोलू. घरी न्या हव्या तर, उरलेल्या डब्या.” त्या मी नेहमीच नेते. घरी कुणीतरी खाणारं आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. तो आमचा मुलगा आहे असंच बहुतेकांना वाटतं.

मुलगा नाही आम्हाला, मुलगीही नाही. नवरा आहे. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा, जमिनीखालून कुठला नळ कुठे जातो त्याचे, आणि त्याचं खाणं हा आमच्या लग्नातला पहिला मोठा वाद होता. तो फार आवाज करून खायचा. मचमच नाही, तसं असतं तर मी सोडूनच गेले असते. त्याचा आवाज कडक, कोरडा, दगडावर दगड आपटल्यासारखा. तो काकडी खायचा तेव्हा मधल्या खोलीत बसून मला कळायचं, आता अर्धी झाली, आता देठ आला. सफरचंद बियांसकट खायचा. शेवटी हातात नुसता देठ उरायचा, तो कानात घालायचा. मी म्हणायचे, अरे शेजारच्यांना कळतं तू काकडी खातोयस ते. तो म्हणायचा, कळू दे, त्यांनाही इच्छा होईल. मग ह्याला आजार झाला. मोठा झाला, मोठे उपचार झाले, आणि आजार निघून गेला. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. फक्त जाताना तो ह्याची चव घेऊन गेला. शिजवलेल्या अन्नाचा वास येताच ह्याला मळमळतं, पाणीसुद्धा टाचणी चोखल्यासारखं लागतं म्हणतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गिळायला काही अडचण नाही, जे जाईल ते जाऊ द्या, कच्चं, गार, काहीही; पण वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या नळी म्हणाल्या तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. वॉर्डात त्याच्या शेजारच्या खाटेवर एक माणूस होता, त्याला ती नळी होती. तो माणूस रात्रंदिवस नाकाशी हात नेत असे आणि नर्स त्याचा हात धरून खाली ठेवत असे, रागानं नाही, टेबलावरची वस्तू सरकवावी तशी. घरी आल्यावर हा मला एकदाच म्हणाला, “मी आयुष्यभर लोकांच्या जमिनीत नळ घातले. माझ्यात नको.” विनोद केल्यासारखा म्हणाला, पण माझ्याकडे बघून नाही.

बसमध्ये जागा मिळाली. कोट मांडीवर गोळा करून बसले तेव्हा तो एका बाजूला ओढल्यासारखा झाला. सकाळपासून तो तसाच ओढत होता. मला वाटलं होतं, जुना आहे, शिवण उसवली असेल. दुसऱ्या खिशात हात घातला. आत काहीतरी जड होतं, हातरुमालात गुंडाळलेलं. उलगडायची गरज नव्हती. नकाशे गुंडाळून येऊ नयेत म्हणून कोपऱ्यांवर ठेवायची पितळी वजनं असतात ना, त्याच्या मेजावर चार कोपऱ्यांना ठेवलेली असायची, त्यातलं एक. मी ते मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईनं जरा सरकून घेतलं. गेल्या खेपेला दवाखान्यातल्या काट्यावर वजन जागचं हललं नव्हतं. थंडी वाजतेय म्हणून त्यानं कोट काढला नव्हता, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, छान, टिकवून धरलंय हं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, शाबास. मला म्हणाल्या शाबास. येताना बसमध्ये मी किती बोलत होते, उद्यापासून टोमॅटो पण देते, टोमॅटोत रस असतो, घशाला बरं. तो हो हो करत होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या मोज्यांतून गाजरं शोधली, आणि माझ्या घरात माझ्या नाकासमोर, आणि मग मला कुंडी आठवली.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कुंडी आहे. त्यात पूर्वी काहीतरी होतं, ते त्याच्या आजारपणात वाळलं, माती तशीच राहिली. काही आठवड्यांपूर्वी त्यातून एक हिरवा कोंभ वर आला. मग आणखी, शेजारी शेजारी, दाटीवाटीनं. मी त्याला हाक मारून दाखवलं, बघ रे, न लावता काहीतरी उगवलंय. तो म्हणाला, वारा आणतो बिया. पानं चुरगाळून बघितली तर टोमॅटोचा वास. मला ते कसलंतरी चांगलं लक्षण वाटलं. मी माणूस काही असं मानणारी नाही, पण त्या दिवसांत काहीही चालत होतं. मी रोज सकाळी त्या रोपांना पाणी घालत होते. रोज सकाळी, वाटीनं, हळूहळू, रोपं मोडू नयेत म्हणून. आणि तो आपल्या खुर्चीतून माझ्याकडे बघत असायचा, काय वाटत असेल त्याला, हसू येत असेल, की. बसच्या काचेला डोकं टेकलं. काच थरथरत होती, ते बरं वाटलं.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. ती रोज ह्याच वेळेला करते, तिला माहीत असतं की मी बसमध्ये असते आणि हा ऐकत नसतो. “वहिनी, दादा खातोय ना गं नीट?”

“खातोय.”

“परवा वजन ना? मी येऊ का बरोबर?”

“नको, ये-जा होते तुझी उगाच.”

“तुला बाई बरं जमतं. मी असते तर हात टेकले असते. तुझं आपलं कामच ते, मुलांना भरवायचं.”

“भरवत नाही गं. बघते.”

“तेच ते,” ती म्हणाली. “तू लक्ष ठेवून आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत.” फोन बंद केल्यावर तो शब्द माझ्या कानात तसाच बसून राहिला. लक्ष ठेवून. खिडकीनं विचारलं होतं, मग लपवता कशाला. त्या पोरीला साधं गणित कळत होतं. बघणारं कुणी असल्याशिवाय लपवणं नसतंच.

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. जिन्यावर प्रत्येक वळणाला तो पितळी तुकडा माझ्या मांडीवर आपटत होता, सौम्यपणे, आठवण करून दिल्यासारखा. मी मनात वाक्यं तयार करत होते. हे काय आहे. मला सांगायचंस ना. मी काय शत्रू आहे तुझी. एकेक वाक्य एकेका मजल्यावर टाकत वर आले. दारापाशी पोचले तेव्हा हातात एकही नव्हतं. तो स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता. पुढ्यात वर्तमानपत्र, शब्दकोडं अर्धं सोडवलेलं. त्यानं वर बघितलं, आधी माझ्याकडे आणि मग कोटाकडे. पेन्सिल खाली ठेवली. मी कोट काढला, दारामागच्या खुंटीवर अडकवला. मग पितळी वजन रुमालातून सोडवलं, आतल्या खोलीत जाऊन त्याच्या मेजाच्या रिकाम्या कोपऱ्यावर ठेवलं आणि परत आले. त्याला आवाज ऐकू आला असणार, लाकडावर पितळ ठेवल्याचा.

“जड झाला का कोट?” त्यानं विचारलं.

“जरा.”

“काढून ठेवायला हवं होतं मी. लक्षातच राहिलं नाही.” मग खुंटीवरच्या कोटाकडे बघून म्हणाला, “गाजरं निघाली? मुलांसमोर?”

“टेबलावर. सगळ्या मुलांसमोर. कंपनीचे लोक पलीकडे.”

त्याचा चेहरा कसातरी झाला, आणि मग, मी बघत होते, त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलायला लागला. “काय म्हणाली मुलं?”

“एक म्हणाली, खिशात नका ठेवू, मोज्यात ठेवा.”

तो हसला. आवाज न करता, खांदे हलले, कोटाशिवायचे ते खांदे, आणि हसता हसता त्याला दम लागला म्हणून थांबला. मी पाणी दिलं. पाणी पिताना तो भांड्याच्या कडेवरून माझ्याकडे बघत होता. “तुला एक सांगू?” तो म्हणाला. “मी घास घेतो तेव्हा तुझं तोंड बघितलंयस का कधी? माझ्याआधी तुझं उघडतं. मी चावतो तर तुझा जबडा हलतो. मी गिळायच्या आधी तू गिळतेस. मग मला वाटतं, झालं की, खाऊन झालं, हिनं खाल्लं.”

मला आई आठवली. खुर्ची ओढून बसलेली. मी आयुष्यभर समजत होते की ती पहारा द्यायची. तिचाही जबडा हलत होता का, हे मी कधी वर मान करून बघितलं नाही. “आणि बशी रिकामी दिसली की तू जी काय खूश होतेस,” तो म्हणाला, “तेवढ्यासाठी मी गाजर काय, बशी पण लपवली असती.”

“परवा वजन आहे.”

“माहितीये.”

“थंडी कमी झालीय. कोट लागायचा नाही.”

“नाही लागायचा,” तो म्हणाला. दोघं कुंडीकडे बघत होतो. रोपं बरीच वाढली होती, आधाराला काडी हवी होती. “मग मी काय करू?” मी विचारलं, आणि माझा आवाज मला फार थकलेला वाटला, ऑफिसातून आल्यावर पिशवी ठेवावी तसा तो मी टेबलावर ठेवला होता. तो म्हणाला, “काही नको करूस.” हिरव्या मोज्यांना मी दुपारी हेच सांगितलं होतं, आणि ते कसं छापायचं ते त्यालाही कळलं नव्हतं.

पिशवीतून एक डबी काढली. त्यानं मान वाकडी करून झाकण बघितलं. “आज कोण? राजेसाहेब काकडी की अंतराळातले?”

“कुणी नाही. साधी आहे.”

“बरं झालं. चेहरा असला की तो पण बघत बसतो.”

मी झाकण काढून डबी त्याच्यासमोर ठेवली. गाजरं होती, काकडी होती, सफरचंदाच्या दोन-तीन फोडी. बशीत मांडली नाहीत. मग माझी खुर्ची उचलून फिरवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. “हे काय?” तो म्हणाला. “मान अवघडलीय,” मी म्हटलं. “बाहेर बघते जरा.” बाहेर संध्याकाळ होत होती. समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता, कुणीतरी गच्चीवरचे कपडे काढत होतं. मी खरंच बघत होते. पण बाहेरचं अंधारत गेलं तसं खिडकीच्या काचेत आमचं स्वयंपाकघर दिसायला लागलं, आधी दिवा, मग भांड्यांची फळी, मग माझ्या खांद्यामागून तो, टेबलाशी वाकलेला, हात डबीकडे जात असलेला. इतका जवळ की मान न वळवता मला त्याची बोटं मोजता आली असती. एकही बिस्किट पुढ्यात नाही, एवढाच काय तो फरक; बाकी मी बरोबर काचेमागे बसले होते. तो हात डबीपाशी थांबला. त्यालाही काच दिसत असणार. नकाशे काढणारा माणूस, त्याला कुठून कुठे काय जातं ते कळतं.

मी डोळे मिटले. पापण्या जडच होत्या, फार काही करावं लागलं नाही. मिटल्यावर मी किती दमलेय ते कळलं, पायांपासून वर येत होतं ते, जिने, बस, टेबलाखालची ती छोटी छोटी गुडघे टेकणी, एवढ्या वर्षांची. माझं तोंड मी बंद ठेवलं, दात एकमेकांवर ठेवून, जबडा हलू नये म्हणून. बराच वेळ काहीच झालं नाही. वर्तमानपत्र सरकल्याचा आवाज आला. खुर्ची कुरकुरली. मुलं कधीकधी गाजर हातानं मोडतात, खाल्ल्याचा आवाज व्हावा म्हणून. तो आवाज मला ओळखता येतो, तो एकटाच येतो, त्याच्यामागून काही येत नाही. मी त्याची वाट बघत होते, आणि तो आलाच तर आपण काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मग आला. कट्. एकच. मग शांतता. आणि मग तिच्यामागून, हळू, नाखुशीनं, मध्ये थांबत, जुनी वाट आठवत चालल्यासारखं, ते दगडावर दगड. फार वेळ चाललं ते. एका तुकड्याला एवढा वेळ लागतो हे मी विसरले होते.

“फार आवाज होतोय का?” त्यानं मागून विचारलं.

“होतोय,” मी म्हटलं. “शेजारी ऐकतायत.”

डबीत बोटं फिरल्याचं ऐकू आलं, निवडत असल्यासारखी. मग आणखी एक आवाज आला, पहिल्यापेक्षा मोठा, मुद्दाम केलेला. मी डोळे उघडले नाहीत.